एक जूनचा माणूस

आपल्या हातानं, आपल्याच विरुद्ध, सरकारला पत्र लिहिणारा माणूस कधी बघितलाय का तुम्ही? नाही ना? मग नीट बघून घ्या. समोर बसलाय. चहा पितोय.

हसू नका. म्हणजे हसा, पण जरा दम धरा. अजून बरंच व्हायचंय.

तर मी इथे न्यूझीलंडला कसा आलो ते तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःच्या कर्तृत्वावर नाही! मेघना, आमची बायको, फार्मासिस्ट. ती आधीच इथे येऊन, हॉस्पिटलात नोकरी करून, इथली नागरिक होऊन बसली होती. मी तिच्याशी लग्न केलं आणि तिचा पदर धरून आलो. पहिला व्हिसा तिच्यामुळे, पर्मनंट रेसिडेन्स तोही तिच्यामुळे. बार्शीत अजून लोक आईला विचारतात, "सतीश नांदायला गेला म्हणे?"

तेही चाललं असतं हो. पण सलत कुठे होतं, तर मेलबर्नला. तिथे माझी मेव्हणी राहते. मेघनाचा आणि आमच्या सात वर्षांच्या ईराचा पासपोर्ट इथला, त्यामुळे त्या दोघी मनात आलं की विमानात बसणार. माझा भारतीय. मी दर वेळी व्हिसाची वाट बघणार. दोनदा तो वेळेवर आला नाही आणि दोनदा मी इथे लोअर हट गावातल्या आमच्या घरात एकटा खिचडी खात बसलो. दुसऱ्या खेपेला ईरा एअरपोर्टवर म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू नॉट इन अवर लाइन?"

काय सांगणार पोरीला? त्यात मेव्हणीच्या मुलाची मुंज डिसेंबरात ठरली. तिकडे मुहूर्त शाळेच्या सुट्ट्या बघून निघतात. मी म्हटलं, बास. नागरिकत्वाचा अर्ज करायचा, आणि या मुंजीला तिघांनी एकाच रांगेत उभं राहून जायचं.

कागदपत्रं माझी चकाचक. का नसणार? मी दुधाच्या पदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. डब्यावरची तारीख बरोबर आहे की नाही हे बघणं हेच माझं काम. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर अख्खा माल परत पाठवतो मी. पोरं टरकून असतात मला.

एकच गोष्ट बाहेरून लागत होती. साक्षीदार. नातेवाईक नको, इथला पासपोर्टवाला हवा, आणि त्यानं सरकारला कळवायचं, की हो, फोटोतला माणूस हाच, नाव हेच आणि जन्मतारीख हीच. म्हटलं, त्यात काय! शेजारच्या ग्लेनिसबाई आहेत की.

ग्लेनिसबाई म्हणजे रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. जीव लावणारी बाई, पण खोटं म्हणून बोलता येत नाही. मी एकदा हौसेनं पिवळा शर्ट घातला तर कुंपणावरून ओरडल्या, "नो, सतीश! टेक इट ऑफ!" अशा माणसाची साक्ष म्हणजे काय वजनदार, नाही का? हीच माझी पहिली चूक.

अर्ज गेला. चार दिवसांनी बाई दारात. पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातातल्या टॅबलेटवर साक्षीचा फॉर्म, कपाळावर आठ्या.

"सतीश, तू तुझी जन्मतारीख चुकवलीस. इथे एक जून लिहिलंय."

"बरोबर आहे की."

"बरोबर कसं? तुझा वाढदिवस चौदा नोव्हेंबरला असतो! दर वर्षी मी पावलोव्हा केक करून आणते!"

आता तुम्ही आपली माणसं, तुम्हाला एक जून म्हणजे काय ते सांगायला नको. तरी सांगतो. आमच्या वेळी बाप पोराला घेऊन शाळेत जायचा. गुरुजी विचारायचे, "कधीचा?" बाप म्हणायचा, "पेरण्या चालल्या होत्या बघा." की गुरुजींनी लिहिलं एक जून. शाळा जूनमध्ये सुरू, वय मोजायला सोपं, काम संपलं! आमचा निम्म्याहून जास्त वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. मीही त्यातलाच. माझी खरी तारीख चौदा नोव्हेंबर, बालदिन! त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, नवा शर्ट आणायचे, घरी शिरा व्हायचा. कागदावरची एक जून ही गुरुजींची कृपा. आई मात्र दर एक जूनला आठवणीनं मला "शंभर वर्षं जग" म्हणायची आणि मी तिला चिडवायचो, "आई, गुरुजींनी तुलासुद्धा गंडवलं गं!" ती नुसती हसायची.

हे सगळं तुम्हाला एका मिनिटात पटलं. ग्लेनिसबाईंना पटवून बघा!

"अहो, ती सरकारी तारीख. खरी वेगळी आहे."

"सरकारला दिलेली तारीख खोटी आहे?"

"खोटी म्हणजे... आमच्या हेडमास्तरांनी दिलेली."

बाई ताठ झाल्या. "मी आयुष्यभर हेड होते. मी कधी कुठल्या मुलाला जन्मतारीख दिली नाही."

"तसं नाही हो! ते सगळ्यांनाच द्यायचे. माझ्या निम्म्या वर्गाला तीच दिलीय!"

"निम्म्या वर्गाला?"

बाई मटकन पायरीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक खोटे कागद छापणारी एक टोळीच उभी राहिली, आणि तिचा म्होरक्या गुरुजी! मी जितकं समजावतोय तितका आणखी रुततोय. शेवटी माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सॉरी, लव्ह. मी यावर हो म्हणू शकत नाही. पण तू चांगला माणूस आहेस. तूच त्यांना खरं सांग. ते माणसाचं चारित्र्य बघतात."

चारित्र्य! तो शब्द जाऊन मेंदूला चिकटला माझ्या. म्हटलं, खरंच की. मी दुसऱ्यांच्या तारखा तपासतो आणि स्वतःच्या कपाळावर खोटी तारीख मिरवतो? असा काही खरेपणाचा झटका आला म्हणता! मेघना कामावर. तिला विचारावं? छे! बसलो आणि दीड पानी पत्र लिहिलं. इंग्रजी असं झकास, की स्वतःच दोनदा मोठ्यांदा वाचलं. 'माझी सर्व कागदपत्रांवरील जन्मतारीख असत्य असून हे कळवणे मी माझे कर्तव्य समजतो.' दिलं पाठवून! छाती फुगवून चहा ठेवला.

संध्याकाळी मेघनाला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिच्या हातातली पर्स खाली पडली.

"काय लिहिलंस?"

"खरं."

"सर्व कागदपत्रं म्हणालास तू? सर्व? अरे, पासपोर्ट! मॅरेज सर्टिफिकेट! रेसिडेन्स! तुझ्या रेसिडेन्सवर माझी सही आहे, सतीश! आपलं लग्न खरंय म्हणून आपण फोटो दिले होते, त्यात तुझा चौदा नोव्हेंबरचा केक कापतानाचा फोटो आहे! आता त्यांना वाटेल, तारीख खोटी, मग नवरा तरी खरा कशावरून?"

हे सुचलंच नव्हतं हो मला!

"पाठवण्याआधी कुणाला विचारलंस? मला विचारलंस?"

"ग्लेनिसबाईंना विचारलं."

"मग जा, त्यांच्याकडेच राहा!"

ईरा हळूच दारातून डोकावली. "बाबा, आर यू गोइंग टू जेल?" आणि लगेच तीच म्हणाली, "कॅन आय स्टिल गो टू द मुंज?"

आई तेव्हा आमच्याकडेच होती, सहा महिन्यांसाठी आलेली. बिचारी आतल्या खोलीत जपाची माळ घेऊन बसली होती. तिला उगीच घोर नको म्हणून आम्ही काही सांगितलं नाही. तुम्हाला पुढचं कळल्यावर तुम्हीच म्हणाल, गाढवा, तिलाच पहिल्यांदा सांगायचं होतंस!

दोन आठवड्यांनी फोन. नागरिकत्वाच्या ऑफिसातली बाई. आवाज एकदम गोड, नमस्कारसुद्धा इथल्या माओरी भाषेत.

"किया ओरा, सतीश. तुमचं पत्र वाचलं. तुमच्या पासपोर्टवरची तारीख खोटी आहे, असं तुम्ही म्हणताय?"

"हो."

"म्हणजे तुमचा रेसिडेन्सही खोट्या तारखेवर मिळालाय, असं तुम्ही म्हणताय?"

"मी असं म्हणतोय?"

"दुसऱ्या पानावर आहे."

बाई म्हणाल्या, जन्माच्या मूळ नोंदीचा दाखला पाठवा, तोपर्यंत अर्ज थांबवते. आणि नोंदीत दुसरी तारीख निघाली, तर रेसिडेन्सची फाइलही उघडावी लागेल. फोन ठेवला आणि येरझाऱ्या घालायला लागलो. नागरिकत्व गेलं खड्ड्यात, होतं ते राहायचं का? बायकोपोरीला इथे ठेवून मी बार्शीला परत? आणि कशानं, तर स्वतःच्या दीड पानी इंग्रजीनं!

बार्शीला चुलतभावाला, दत्ताला, फोन लावला. "दत्ता, नगरपालिकेत जा, माझी जन्माची नोंद काढ. लगेच."

"तुझी नोंद? आरं, आपल्यात कुणाची नोंद केलीय व्हय कुणी?"

"बघ तरी!"

आठवडाभर मी नुसता भुतासारखा वावरत होतो. कारखान्यात एका डब्यावर उलटी तारीख छापली गेली होती, ती मी पास केली. मी! पोरांनीच मला आणून दाखवली.

शनिवारी दुपारी दत्ताचा मेसेज आला. दाखल्याचा फोटो. मी, मेघना, ईरा सोफ्यावर एकमेकांना चिकटून बसलेलो, आई खाली मटार सोलतेय, सोललेल्यांची वाटी मेघनाच्या हातात. फोटो मोठा केला. आईचं नाव बरोबर. अण्णांचं नाव बरोबर. आणि तारीख?

एक जून.

परत वाचलं. एक जून! ही काही शाळेतली नोंद नव्हती, जन्मल्यावर चौथ्या दिवशी केलेली, दवाखान्याच्या शिक्क्याची! मी दत्तावर ओरडलो, "अरे, दुसऱ्या कुणाचा दाखला आणलास!" तो म्हणाला, "आरं, आईबाप तुझेच हायेत न्हवं? मग दुसऱ्याचा कसा?"

"आई," मी म्हटलं, "हे बघ काय गोंधळ घातलाय. नगरपालिकेतसुद्धा एक जून!"

आईनं मान वरही केली नाही. "मग? एक जूनलाच झालास की तू."

खोलीत मटार पडल्याचा आवाज आला. मेघनाच्या हातातल्या वाटीतले.

"आई! काय बोलतेस?"

"आरं, तू पयलीत व्हतास. रडत आलास शाळंतनं. म्हणं, सगळ्या पोरास्नी दोन-दोन वाढदिवस हायेत, एक गुरुजींचा न एक घरचा, मलाच एक का? जेवंना, उठंना, अंगणात लोळाय लागलास. मग तुझ्या अण्णांनी कॅलेंडर काढलं. बालदिन दिसला. म्हणाले, हा घे, हा तुझा घरचा."

"आणि मला सांगितलं नाहीत? इतकी वर्षं?"

"सांगणार व्हतो. पर नवा शर्ट घालून गावभर नाचलास. अण्णा म्हणाले, ऱ्हाऊ दे, पोरगं खूश हाय. मग तू मोठा झालास, सायब झालास, लोकांच्या तारखा तपासाय लागलास. मला वाटलं, कळलं असंल."

काय बोलू, सांगा! अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. एका रडक्या पोरासाठी त्या माणसानं कॅलेंडरातून वाढदिवस काढून दिला आणि जन्मभर त्याचा शर्ट आणला. मला रडू आलं. मेघना माझ्याकडे बघत होती. तिलाही रडू आलं असं मला वाटलं. नाही हो, ती हसू दाबत होती.

सोमवारी ऑफिसातल्या बाईंना फोन लावला.

"दाखला मिळाला. एक जून."

"म्हणजे तुम्ही खोटी म्हणालात ती तारीख खरी आहे?"

"हो."

"आणि तुमचं पत्र?"

"ते खोटं आहे."

मग त्यांनी अगदी जपून विचारलं, "म्हणजे अर्जात काहीच बदल नाही?"

"नाही."

"स्वीट ॲज," बाई म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'मग झकास'. फक्त एक लिहून द्या म्हणाल्या, की आधीच्या पत्रात चुकीची माहिती दिली होती. दिलं लिहून. माझ्या अख्ख्या फाइलीत खोटा कागद एकच, आणि तो मी खरं बोलण्यासाठी पाठवलेला!

ग्लेनिसबाईंना दाखला नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून शिक्क्यासकट वाचला, मग साक्ष दिली. जाता जाता म्हणाल्या, "सो आय हॅव बीन बेकिंग फॉर अ लाय." तेव्हापासून पावलोव्हा बंद. एक जूनला इथे थंडीत त्यावर लावायला स्ट्रॉबेरी मिळत नाही म्हणे.

पण नागरिकत्व मिळालं आणि पासपोर्ट आला! वेळेवर आला! डिसेंबरात मेलबर्नच्या मुंजीला निघालो तेव्हा एअरपोर्टवर आम्ही तिघं एकाच रांगेत. ईरानं माझा हात गच्च धरलेला. मी नवाकोरा काळा पासपोर्ट उघडून जन्मतारखेवर सारखा अंगठा फिरवत होतो, पुसली तर जात नाही ना म्हणून.

मेघना कानाशी आली. म्हटलं, आता काहीतरी गोड बोलेल. इतक्या सगळ्यानंतर तेवढा तर हक्क आहे ना माझा?

म्हणाली, "बघितलंस? डब्यावरची तारीख पहिल्यापासून बरोबर होती. तपासणाराच नासका निघाला."