मला यातले काय कळते?

माझ्या पत्नीला वाटते की माझे सगळे तिला ठाऊक आहे. ते खरेही आहे — एक रविवार सोडून. तो रविवार मी तिला सांगितलेला नाही, मुलीला नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षे शिकवले त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसलेल्या माणसापेक्षा कागदाशी बोलणे मला नेहमीच सोपे गेले आहे. हासुद्धा भित्रेपणाच, नाही का?

मी गोंदिया तालुक्यातील एका खेड्याच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. फुलचूरहून रोज मोटारसायकलने जाणे-येणे. संगणकाला हात लावला तो पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तोही विद्यार्थ्यासारखा — वहीत एकेक पायरी लिहून, तिच्यावर बोट ठेवून. शाळेच्या जुन्या संगणकावर मराठी टायपिंगचा एक जुना प्रोग्राम होता. त्याच्यावर मी कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि व्याकरणाची टिपणे उतरवली होती. उशिरा आलेल्या विद्येचा माणसाला जरा जास्तच अभिमान असतो. मला होता.

मग, सहा वर्षांपूर्वी, जुना संगणक बंद पडला आणि शाळेला नवा लॅपटॉप मिळाला. नव्या विंडोजवर तो प्रोग्राम उघडेच ना. घरच्या पेनड्राइव्हवर ठेवलेल्या माझ्या फायली उघडल्या तर अक्षरांच्या जागी निव्वळ किडे-मुंग्या! जे काही थोडे येत होते तेही गेले, असे वाटले.

शाळेत ज्योत्स्ना मॅडम होत्या. कामठ्याकडच्या. कंत्राटी संगणक ऑपरेटर, दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर मिळाली तर नोकरी, नाही तर नाही. घरी दीड एकर धान आणि शिकणारी मुलगी. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, फोटो — सगळे त्याच करीत. त्या मला म्हणाल्या, "सर, नवीन टायपिंग पंधरा दिवसात येते जी. मी शिकवतो म्हटलं तर शिकाल का नाही?" त्या मनापासून म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलोही. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, "काय गुरुजी, या वयात ट्यूशन लावली म्हणते." सगळे हसले. मीही हसलो. पुन्हा त्या खुर्चीवर बसलो नाही.

एवढेच कारण होते. याहून मोठे कारण असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

मी ठरवले — नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज टाकायची. कोणाला न विचारता. गोंदियाच्या बाजारात एका दुकानातून विंडोज सेव्हनचा वेगळा पेनड्राइव्ह करून घेतला. दुकानदार म्हणाला, "नये लॅपटॉप पे नहीं चढ़ेगा सर, रहने दो." लॅपटॉप शाळेचा आहे, हे मी त्याला सांगितले नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून चौदा पायऱ्या वहीत लिहिल्या आणि रविवारी दुपारी शाळेची खोली उघडली. त्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या — मुख्याध्यापकांकडे, ज्योत्स्ना मॅडमकडे आणि ज्येष्ठ शिक्षक म्हणून माझ्याकडे.

ज्योत्स्ना मॅडम सगळ्यांना सांगत, आपले काम डी ड्राइव्हमध्ये ठेवा. सी उडाला तरी डीला धक्का लागत नाही. गोंदियाचा प्रत्येक दुकानदारही हेच सांगतो. त्यांचे स्वतःचे सगळे काम त्या डीमध्येच होते. पण जुनी विंडोज त्या डिस्कवर बसायलाच तयार नव्हती. या डिस्कवर स्थापना करता येणार नाही, असे पडद्यावर आले. माझ्या वहीतील नववी पायरी होती — यादीतील प्रत्येक भाग निवडा आणि डिलीट करा.

डी सुरक्षित राहील असे मला वाटले होते — हे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. यादीत सी आणि डी असे दोन्ही भाग दिसत होते. यातील सर्व माहिती नष्ट होईल, असे इंग्रजीत लिहून आले होते आणि मला इंग्रजी उत्तम वाचता येते. मी वाचले. मला समजले. मग हात का थांबला नाही? मॅडमला एक फोन करायला काय लागत होते? फोन केला असता तर सांगावे लागले असते की मी इथे काय करतो आहे. मी बटण दाबले.

त्यानंतरही ते जमले नाहीच. फायली उतरल्या, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि माऊस हलेना, बोटाखालची पट्टी हलेना. त्या जुन्या प्रणालीला हे नवे यंत्र ओळखताच येत नव्हते. पडदा निळा होई, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पाच वाजेपर्यंत मी तेच ते पाहत बसलो. शेवटी, खूण राहू नये म्हणून, पेनड्राइव्हवरून तीच नववी पायरी नुसत्या कळा दाबून पुन्हा केली आणि अर्धवट उतरलेलेही पुसून टाकले. त्या एका कामात मात्र माझे काहीच चुकले नाही. लॅपटॉप कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि घरी आलो.

सोमवारी लॅपटॉप सुरू झाला नाही. मुख्याध्यापकांनी तो दुरुस्तीला पाठवला, तो दुसऱ्याच एका दुकानात. तिथल्या माणसाचा निरोप आला — "डिस्क खराब नहीं है साहब, किसी जानकार ने पूरा साफ किया है."

जानकार. आमच्या शाळेत जानकार म्हणता येईल असे एकच माणूस होते.

मुख्याध्यापकांनी आम्हा सर्वांसमोर विचारले, "मॅडम, काऊन केलं असं?" त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी शनिवारी बंद करून गेली जी. मी माहंच काम कायले उडवीन?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मुख्याध्यापकांनीही पाहिले, म्हणाले, सर, तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्हाला काय वाटते?

मी म्हणालो, "मला यातले काय कळते?"

कोणीतरी हलकेच हसले. सर्वांचा माझ्यावर विश्वास बसला. का बसू नये? मला यातले काही कळत नाही, हे साऱ्या शाळेला ठाऊक होते. ज्या अडाणीपणाची मला इतकी लाज वाटत होती, तोच पांघरून मी तिथे बसलो होतो — आणि मॅडमना जे येत होते तेच त्यांच्यावर उलटले होते.

मुलांचे दाखले पंधरा दिवसांत पुन्हा गोळा झाले. मॅडमनीच केले, उशिरापर्यंत थांबून. एकही अर्ज चुकला नाही. म्हणजे नुकसान तसे काहीच झाले नाही, असे म्हणता येते. जूनमध्ये त्यांची ऑर्डर मात्र आली नाही. जूनपर्यंत किती दिवस होते माझ्याकडे? रोज मुख्याध्यापकांच्या खोलीवरून जात होतो. दार बहुधा उघडेच असे.

गेल्या नोव्हेंबरात मी निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी एका सेवा केंद्रात गेलो होतो. रांगेत पुढे ज्योत्स्ना मॅडम दिसल्या. हातात मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज. साऱ्या शाळेचे अर्ज भरणारी बाई आपल्या मुलीचा अर्ज भरून घ्यायला रांगेत उभी होती. त्यांनी ओळखले, शाळेची विचारपूस केली. मी विचारले — विचारायला नको होते — की तुम्ही स्वतःच का भरत नाही.

"आता हात नाही लावत जी कॉम्प्युटरले," त्या म्हणाल्या. "भीती वाटते. आधी वाटे का मी नाही केलं. मग लई विचार केला. शनिवारी घाई होती, काही तरी दबलं असंल. माह्याच हातून उडालं, सर."

तेव्हा सांगता आले असते. आजूबाजूला ओळखीचे कोणी नव्हते. मी निवृत्त झालो आहे, माझे कोणी काही बिघडवू शकत नाही. शब्द जिभेवर होते, असेही म्हणणार नाही, ते नव्हतेच.

मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. चुका सगळ्यांच्याच हातून होतात."

त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, असे म्हणणारे तुम्हीच पहिले. आणि तिथेच, रांगेत, सर्वांदेखत त्या वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.