फेब्रुवारी आणि मार्चची पानं

दिग्रसच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. ही गोष्ट माझा पीएचडीचा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता तेव्हाची. शेकडो लेख लॅपटॉपवर ‘डाउनलोड चौदा’, ‘फायनल’, ‘फायनल नवा’ अशा नावांनी पडले होते, आणि कोणतं वाक्य कुठून घेतलं ते शोधण्यात माझे रविवार जात होते. माझ्या गाइड मॅडम अमरावतीला असतात. त्या फोनवर म्हणाल्या, “संदर्भसूची हाताने करत बसू नकोस गं. सॉफ्टवेअर टाक. लेख त्यात ओढला की लेखकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक ते आपलं आपण भरतं.”

शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी एकेक लेख त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत होते आणि डाव्या बाजूची यादी सरळ, स्वच्छ होत होती. मला गंमत वाटत होती. एकच लेख दोनदा ठेवला असेल तर तेही सांगत होतं. असे दीडेकशे लेख गेले असतील, आणि एका नावापुढे लाल खूण आली. उघडून पाहिलं, तर वरती आडवी लाल पट्टी. हा लेख प्रकाशकाने मागे घेतला आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ.

लेख माझ्या सरांचा होता. मी यवतमाळला एम.एस्सी. करत होते तेव्हा ते आमचे विभागप्रमुख होते. आता निवृत्त झालेत. कोळशाच्या रस्त्यालगतच्या झाडांच्या पानांवर किती धूळ बसते, यावरचा तो लेख. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पूर्णपणे त्याच्यावर उभं होतं. लेखाच्या शेवटी, आभारांत, माझं नाव होतं. पानं मी गोळा केली होती. राजूरला आमचं घर, वडील खाणीत, म्हणून सर म्हणाले होते, “तुह्यापेक्षा तो रस्ता कोणाले ठाऊक असन?”

पहिल्यांदा मला सरांचाच राग आला. माणसानं असं काय केलं की छापलेला लेख मागे घ्यावा लागला? मी पट्टीवर क्लिक केलं. निवेदन पाच-सहा ओळींचं होतं. राजूर परिसरातले फेब्रुवारी आणि मार्चचे आकडे संशयास्पद आहेत. जानेवारीच्या आकड्यांशी त्यांचा फरक प्रत्येक ठिकाणी सारखाच आहे. मूळ नोंदवही मागूनही मिळू शकली नाही.

मी ते दुसऱ्यांदा वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती. उरलेले लेख टाकायचे तसेच राहिले. शिपाईकाका दार लावायला आले आणि म्हणाले, “मॅडम, तब्येत बरी नाही का?” मी म्हणाले, “बरी आहे.” लॅपटॉप मिटला आणि तशीच बसून राहिले.

एम.एस्सी.च्या त्या वर्षी फेब्रुवारीत मला कावीळ झाली होती. महिनाभर खाटेवर होते. सर तापट, एक महिना चुकला म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. मग मी जानेवारीचं पान समोर ठेवलं आणि प्रत्येक आकड्यात थोडं थोडं वाढवून फेब्रुवारी लिहून टाकला. प्रत्येक ठिकाणी वेगळं वाढवायचा कंटाळा केला, सगळीकडे सारखंच वाढवलं.

मार्चमध्ये मला कावीळ नव्हती. मी हिंडत-फिरत होते. फक्त एकदा जमलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा केलं.

एवढ्या वर्षांत मला ते कधी आठवलंही नव्हतं, आणि याचाच मला जास्त धक्का बसला. मी दरवर्षी पोरींना प्रॅक्टिकलच्या वहीत खाडाखोड केली म्हणून बोलते. तिसरं प्रकरण लिहिताना त्याच तक्त्याचे आकडे मी किती वेळा उतरवले असतील. एकदाही हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते आणि ठरवलेलं मोडत होते. सर घरीच होते, गॅलरीत पेपर वाचत बसलेले. मला पाहून खूश झाले. काकूंना हाक मारली, “अवं, चहा ठेव! पीएचडीवाली आली.”

मी उभ्यानंच म्हणाले, “सर, तो लेख मागे घेतला गेला, ते मला काल कळलं. फेब्रुवारी-मार्चचे आकडे मी घेतलेच नव्हते. घरी बसून लिहिले होते.”

सरांनी पेपरची घडी केली. म्हणाले, “बस आधी.”

मी बसले.

“मले मालूम हाय,” ते म्हणाले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“त्या प्रकाशकायचं पत्र आलं तवा तुही वही काढली म्या कपाटातून. बाकीच्या महिन्याच्या पानायवर काय नाही? कोळशाचे अंगठे, पाण्याचे डाग, कुठं निळा पेन, कुठं काळा. अन् ही दोन पानं कोरी करकरीत. एका पेनानं, एका बैठकीत लिहिलेली. मास्तरकी केली म्या एवढी वर्षं, मले नाही समजणार?”

“मग वही मिळाली नाही असं…”

“तसं म्याच लिहून देल्लं. वहीवर नाव तुहं होतं. तू नुकती नोकरीवर लागलती.”

काकू चहा घेऊन आल्या, आमची तोंडं पाहून ट्रे ठेवून आत गेल्या.

“मला एक फोन का नाही केला, सर?”

ते म्हणाले, “कोणत्या तोंडानं करू? वही तवाच उघडून पाह्यली असती तर त्याच दिवशी तुले समोर उभं करून इचारलं असतं. पण मले लेख छापायची घाई. प्रमोशन अडून होतं. तू आकडे देल्ले, म्या छापले. तुहं चुकलं, तं माहं का कमी चुकलं?”

निघताना त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. “घेऊन जाय. इथं ठेवून काय करू?”

गाइड मॅडमना मी त्याच संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, याची मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, “तिसरं प्रकरण काढ. मुदतवाढीचा अर्ज मी पाहते. आणि त्या नियतकालिकाला तुला लिहावं लागेल. खोटे आकडे कुणी केले ते त्यांना अजून माहीत नाही. सगळे तुझ्या सरांनाच धरत असतील.” मग त्यांनी विचारलं, “त्यांच्याशी बोलून घेशील ना आधी?”

“घेते,” मी म्हणाले.

पण मी बोलले नाही. ते नको म्हणतील हे मला माहीत होतं, आणि ते नको म्हणाले असते तर मी थांबले असते हेही माहीत होतं. दोन दिवसांनी पत्र लिहिलं, त्या दोन पानांचे फोटो जोडले, पाठवून दिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. काही आठवड्यांनी निवेदनाखाली नवी ओळ आली: क्षेत्रकाम करणाऱ्या विद्यार्थिनीने दोन महिन्यांच्या नोंदी बनावट असल्याचे मान्य केले आहे, मूळ नोंदवही उपलब्ध झाली आहे.

त्याच दिवशी सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

“वही नाही म्हणून म्या सहीनिशी लिहून देल्लं होतं. आता ‘उपलब्ध झाली’ म्हणते ते. म्हणजे मी खोटा.”

“सर, सगळे तुम्हालाच दोष देत होते. मला वाटलं…”

“मले इचारलं होतं का तू?”

“नाही.”

“काहून नाही इचारलं?”

त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या हिवाळ्यापासून मी दर महिन्याला राजूरला जाऊन पानं तोडली. तेच रस्ते, बरीच झाडं तीच. दोन कडुनिंब रस्ता रुंद करताना गेले होते. पानं धुवायची, पाणी गाळायचं, गाळणकागद वाळवून वजन करायचं. आई दारात बसून पाहायची. “कॉलेजात होती तवा धुतलीच होती ना हे पानं? अजून काहून धुऊन राह्यली?” तिनं एकदा विचारलं. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, “कावीळ झालती तवा मीच मास्तरले सांगायले पायजे होतं.” आईच्या मनात असं काही येईल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सात महिन्यांचे आकडे झाले. फेब्रुवारीत धूळ खरं तर जानेवारीपेक्षा कमीच निघाली, माझ्या अंदाजाच्या अगदी उलट. प्रकरण नव्यानं लिहिलं. जुन्या लेखाचा उल्लेख ठेवला, मागे घेतला गेल्याचं त्याच वाक्यात लिहून, आणि कारण तळटीपेत.

प्रबंध दिला त्या आठवड्यात पेढे घेऊन यवतमाळला गेले. काकूंनी दार उघडलं. पेढे घेतले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“झोपले हायेत ते,” त्या म्हणाल्या.

आतून टीव्हीवरच्या मॅचचा आवाज येत होता. चौकार गेला असावा, आणि सर एकदम जोरात म्हणाले, “वा रे पठ्ठ्या!” काकूंनी मान खाली घातली.

“काही नाही काकू,” मी म्हणाले, “परत येईन.”

त्यांनी मला गॅलरीत बसवून चहा दिला. मी सगळा पिऊन घेतला, कप धुऊन नळाजवळ उपडा ठेवला आणि दिग्रसची गाडी पकडायला स्टँडवर गेले.