वजन बरोबर होतं

भागूबाई पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका होत्या. पोरांची वजनं करायची, तक्त्यावर टिंब द्यायचं, हे काम त्यांच्या हातचा मळ झालं होतं.

राजेश्वरीचा समर्थ आठ महिन्यांचा असताना त्यांनी त्याला काट्याच्या झोळीत ठेवलं. वजन बरोबर भरलं. पण पोराची मूठ उघडेना, आणि बसवलं की ते एका अंगाला कलंडायचं. भागूबाईंना ते दिसलं. मागे अजून दहा-अकरा बाया ताटकळल्या होत्या. त्यांनी तक्त्यावर चांगल्या वजनाच्या हिरव्या पट्ट्यात टिंब दिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

दसऱ्यानंतर राजेश्वरी आणि तिचा नवरा कल्याण पोराला घेऊन ऊसतोडीला गेले. परतले तेव्हा समर्थला सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. त्याच्या बरोबरीची पोरं ओट्यावर दुडुदुडु पळत होती. समर्थला उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, टाचा टेकायच्याच नाहीत.

"सासू म्हनती, बापबी उशिराच चालला हुता," राजेश्वरी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी भागूबाई मायलेकरांना नगरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी समर्थचे पाय हळूच दुमडून पाहिले. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली असावी, त्या म्हणाल्या. "पूर्ण बरं नाही होणार. व्यायामानं फरक पडेल, पण तो आधी सुरू व्हायला हवा होता. कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"न्हाई," राजेश्वरी म्हणाली. भागूबाईंनी समर्थचं अंगडं नीट केलं.

परतीच्या एसटीत समर्थ आईच्या मांडीवर झोपला. करंजीचा घाट लागला तेव्हा भागूबाईंना राहवलं नाही.

"मला दिसलं हुतं, राजेश्वरी. आठव्या महिन्यातच. वजन बरोबर हुतं म्हनून मी बोलले न्हाई."

राजेश्वरीनं समर्थच्या पायांवर पदर ओढला.

"मलाबी दिसलं हुतं, बाई. तुमी कायी बोलला न्हाईत, म्हनून मला बरं वाटलं."



तेव्हापासून अंगणवाडी सुटली की भागूबाई त्यांच्या घरी जातात, पोराचे पाय तेल लावून ताणतात, मूठ एकेक बोट करून सोडवतात. हंगामात आईबाप तोडीवर असले, पोर आजीपाशी असलं, तरी चुकवत नाहीत. समर्थ आता पाच वर्षांचा आहे. भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहतो. चालत नाही.

हंगामात उसाच्या फडातून राजेश्वरीचा फोन येतो. चालला का, असं ती पहिली दोन वर्षं विचारायची. आता जेवला का, एवढंच विचारते.