शकूनं नाकारलेली भूमिका

सकाळी सातला शकूच्या भाच्याचा फोन आला, “निमामावशी... मावशी गेली.” गॅसवरचा चहा उतू गेला, तरी मी तशीच उभी. त्याला महिना झाला. आता लिहायला बसलेय, कारण जो तो तिला ‘गाजलेली अभिनेत्री’ म्हणून मोकळा झालाय आणि ते वाचून माझं डोकं फिरलंय. अहो, नटी ती जेमतेम आठ वर्षं होती. पटकथा तिनं तीस वर्षं लिहिल्या!

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत जन्मलेल्या आम्ही दोघी, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शेजारी शेजारी वाढलो. तेव्हाच्या औरंगाबादेत ती स्टेजवर आणि मी विंगेत, प्रॉम्प्टर. एका नाटकात ती लासूरकडची शेतकरीण होती. नवरा गेल्याची बातमी येते आणि बाईनं दोन पानं रडायचं. एका प्रयोगात शकू चार ओळी रडली, मग उठली आणि कोपऱ्यातलं रिकामं सूप घेऊन ज्वारी पाखडायला लागली! मी विंगेतून ‘हाय रे दैवा... हाय रे दैवा...’ सांगतेय, पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ही ढिम्म. दिग्दर्शक नंतर जाम भडकले. ती म्हणाली, “सर, खळ्यावर माल पडलाय. बाई इतका वेळ रडत बसत नाय.” दुसऱ्या दिवशी तिनं नाटक सोडलं आणि वही घेऊन बसली.

तिची लिहायची तऱ्हाच न्यारी. प्रत्येक वाक्य उभं राहून बोलायची, मी समोर बसून ऐकायचं. पुढचं वाक्य मी आधीच ओळखलं, की ती ते खोडायची. “निमे, तुला सुचलं म्हंजे सगळ्यांनाच सुचणार.” लई राग यायचा मला.

दोन वर्षांनी मुंबईचा एक निर्माता घरी आला. तिनं पाठवलेली पटकथा त्याला पसंत होती, अट एकच : नायिकेचं, म्हणजे गंगूचं, काम शकूनंच करायचं. शकू सरळ नाही म्हणाली. मी तिला आत ओढलं. “अगं, वेडी का खुळी तू? एवढं एक काम कर, मग लिही की जन्मभर!”

“मी केलं तर लोक मला बघायला येतील गं. गंगूला कोण बघणार?”

निर्माता कागद टेबलावर ठेवून निघून गेला. तिची पहिलीच पटकथा, अशी परत आलेली. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. खरं सांगते, मला वाटलं, संपलं सगळं. ती मात्र दुसरी वही काढून बसली होती. चार महिन्यांनी त्याचंच पत्र आलं, गंगूसाठी नवी मुलगी मिळालीय, कागद पाठवा.

क्रांती चौकाजवळच्या थेटरात आम्ही दोघी बसलो. पडद्यावर ‘पटकथा’ आलं आणि खाली तिचं नाव. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर तिनं दोन्ही धरून ठेवले. “थांब की. गंगूला येऊ दे आधी.” गंगू आली, बोलायला लागली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “अगं बाई, ही तर आमची सुमनआत्याच की!” शकूनं सिनेमा संपेपर्यंत माझे हात सोडले नाहीत.

परवा तो पिक्चर टीव्हीवर लागला. तिचं नाव आलं आणि हात धरायला कोणीच नव्हतं. घरात मी एकटी. चांगल्या दणकून टाळ्या वाजवल्या, गंगू यायच्या आधीच.