नाव सांगितल्याशिवाय

चोरखमाऱ्याचा कालवा मागं पडला आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागलं, तसा वच्छलानं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि पाय उचलले. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीहून निघाल्याला आज दुसरा दिवस होता. काल तिरोड्याच्या अलीकडे बहिणीकडे मुक्काम झाला होता. तिथं हर्षानं मुकाट्यानं भाकर खाल्ली, पायाचे फोड दाखवले नाहीत, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बसली. गिरणीवाल्याची पोरगी असून आखडू नाही, असं बहीण वच्छलाच्या कानात म्हणाली होती.

"मावशी, जरा थांबा."

वच्छला थांबली. हर्षाही थांबली. आणि त्या दोघी थांबल्यावर मागच्या पाचोळ्यात आणखी एक पाऊल पडलं.

वच्छलानं मागं पाहिलं नाही. ती अंगणवाडीची बाई होती, लेकरांची वजनं करायची, डोसाची तारीख सांगायची, पण दिवसाकाठी देवाचं नाव घेतल्याशिवाय तिचा घास उतरत नसे. ते नाव तिनं आताही मनातल्या मनात घेतलं.

"मागं कोनी येऊन राहिलं का?" तिनं विचारलं.

"कालपासून," हर्षा म्हणाली. तिनं पाठीवरची पिशवी सरळ केली. पिशवीत आतून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला. "आणि ही जड होऊन राहिली आहे."

पिशवीत पाण्याचा पितळी गुंड होता, जुन्या घडणीचा, घागरीहून बुटका, गळ्याशी वेलबुट्टी असलेला. तो रिकामा होता. निघताना हर्षानं आपली ओढणी आणि एक सलवार त्यात कोंबलेली वच्छलानं स्वतः पाहिली होती.

गोंदियात हर्षाला सगळे वीरेंद्र शेठची मुलगी म्हणून ओळखायचे. बापाची राईस मिल. लहानपणी मिलच्या मागच्या वस्तीत तिची एक मैत्रीण राहायची. तिच्या घरची दोरीवरची कापडं दुपारपर्यंत मिलच्या राखेनं काळी व्हायची. ते पोरीच्या मनात बसलं ते बसलंच. शिकायला पुण्याला गेली, परत येणार नाही असं सगळ्यांना वाटलं, पण आली. बापानं मिलच्या ऑफिसात खुर्ची दिली. ती खुर्चीत कमी आणि गावातल्या पैसेवाल्या घरच्या पोरापोरींत जास्त दिसायची. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा अश्विन, मुर्रीत प्लॉट पाडणाऱ्याची गुंजन, आणखी दोनचार. कोणाच्या वाढदिवसाला, कोणाच्या गच्चीवर बसायचे. तिथं हर्षा सगळ्यांना एकच काम द्यायची: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, आपल्या घरात पहिला मोठा पैसा कुठून आला. अश्विनचे आजोबा भरल्या ताटावरून उठून गेले. गुंजनची आई म्हणाली, तुझ्या लग्नाचं बघून राहिलो आम्ही आणि तू हे काय उकरून काढून राहिली? पण ज्यांना उत्तर मिळालं, ते परत आले आणि शांत झाले. आपल्या वाट्याचं आपण धरून ठेवायचं नाही, जिथून आलं तिथं पोचवायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं.

गावात त्यांना दानवाली टोळी म्हणायचे. हर्षाला तो शब्द टोचायचा. दान नाही, परत करणं आहे, असं ती कोणालाही न थकता सांगायची.

तिचा स्वतःचा पैसा बोडीटोल्यातून आला होता. तिचे पणजोबा यादोराव तिथले मालगुजार, गावाचे जमीनदार. गावचा तलाव त्यांच्याच वाडवडलांनी बांधलेला. कुळांची नावं सातबाऱ्याला लागायची वेळ आली, त्याच्या आत यादोरावांनी पाळीखालची, म्हणजे तलावाच्या बांधाखालची सगळी ओलिताची वावरं काढून घेतली, विकली, आणि त्या पैशातून गोंदियात मिल उभी राहिली. हे हर्षाला तिच्या आजीनं मरायच्या आधी सांगितलं होतं. सोबत हा गुंड दिला होता आणि म्हणाली होती, हा आपला नव्हे.

गुंड कोणाचा, ते बोडीटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पूर्वी तलाव लग्नाला भांडी द्यायचा. ज्या घरी लग्न, त्या घरच्या बाईनं सांजेला पाळीवर जाऊन अक्षता टाकायच्या, काय पाहिजे ते बोलायचं. सकाळी पायऱ्यांवर भांडी मांडलेली असायची. लग्न आटोपलं की घासूनपुसून परत पाण्यात सोडायची. मालगुजाराच्या घरच्या लग्नात एक गुंड ठेवून घेतला गेला. तेव्हापासून तलावानं देणं बंद केलं. मालगुजाराचं घर मात्र वाढत गेलं.

वच्छला ही गोष्ट ऐकतच मोठी झाली होती. खरी का खोटी, हे तिनं कधी कोणाला विचारलं नाही.

म्हणून या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या पहाटे जे झालं, त्यानं सारं गाव हादरलं. जुन्या कुळांच्या घरांपुढं उंबऱ्यावर एकेक गाठोडं. नव्या कापडात बांधलेलं, आत नोटा. ना नाव, ना निरोप. कुत्रीसुद्धा भुंकली नव्हती. कापडं दवानं ओली झालेली. केशोराव म्हणजे गावचा पाणकर, तलावाचं तुडूम उघडून वावरावावरांत पाणी सोडणारा म्हातारा. तो पाळीवर उभा राहून एवढंच म्हणाला, "तरावानं पुन्हा द्यायले सुरुवात केली."

आणि तलावाचं परत करावं लागतं. तेही रिकाम्या हातानं नाही, इतक्या वर्षांनी दिलं तर सोबत आपलं काही घालून. पोळ्याच्या आत घराघरांतून गाठोडी पाण्यात गेली. कोणी चांदीचे तोडे घातले, कोणी नथ. वच्छलानं पेटीत जपलेले डोरल्याचे मणी काढून बांधले आणि देवाचं नाव घेऊन सोडले.

एकट्या रुख्मिणीनं परत केलं नाही. रुख्मिणी गावाच्या टोकाला राहणारी विधवा. तिच्या नातीच्या, रेणूच्या अंगावर छपरातून पाणी गळायचं. तिनं त्या पैशानं टिना टाकल्या. पोळा झाला आणि रेणूला ताप भरला. दवाखान्याच्या गोळ्यांनी उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. गावातल्या बाया रुख्मिणी हातपंपावर आली की आपापले गुंड उचलून निघून जाऊ लागल्या. तिच्या हातचं पाणी कोणी पिईना. सांजेला टिनांवर ओल्या पायांनी कोणी चालल्यासारखं वाजतं, असं शेजारी सांगू लागले. शेवटी रुख्मिणीच एक दिवस अंगणवाडीत येऊन बसली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "पोरीच्या जागी मी तरावात जातो, बाई. अमुशाले जातो. रेणूले तू पाहजो."

त्याच आठवड्यात हर्षा बोडीटोल्यात आली होती, पैशाचं काय झालं ते बघायला, एक अनोळखी पाहुणी म्हणून. अंगणवाडीत बसून लेकरांना गोष्टी सांगितल्या, आणि वच्छलाकडून हे सगळं ऐकल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. आम्हीच ठेवलं होतं ते, ती म्हणाली. गुंजनच्या आईनं सांगितलं होतं, नाव सांगून दिलं की पुण्य जातं. आम्हाला वाटलं, मोठेपणा नको.

वच्छलानं तिला तिथंच गावापुढं उभं करायचं म्हटलं होतं. पण हर्षा म्हणाली, अशी नाही. आमचा नेम आहे, पैसा जिथून आला तिथवर घरून पायी जायचं, आणि तिथल्या माणसानं न्यायला आलं पाहिजे. आणि मला घरून एक वस्तूही आणायची आहे. मग ती घरी परतली, आणि अमावस्येच्या आधी वच्छला तिला आणायला मुर्रीला गेली. तिथं तिची लेक दिलेली होती. शेठच्या तिथल्या बंगल्यासमोर उभी राहिली आणि वॉचमनला म्हणाली, पोरीले न्यायले आलो.

आता त्या दोघी चालत होत्या आणि मागं तिसरं कोणी.

"तुले भेव नाही लागत?" वच्छलानं विचारलं.

"लागतं," हर्षा म्हणाली. "पण मागं आहे तोवर बरं. पुढं झालं तर जास्त लागेल."

सांजेच्या आधी त्या बोडीटोल्याच्या शिवाराला लागल्या. धान कापून झालं होतं, बांध्यांत पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. पाळीवर मातामायच्या ठाण्यापाशी माणसं जमली होती. वच्छलानं निरोप धाडला नव्हता. तरी सारा गाव होता. कडेला रुख्मिणी, मांडीवर रेणू, दोघींच्या भोवती मोकळी जागा. पोरीचे डोळे पाण्याकडे लागलेले.

हर्षानं चपला काढल्या. मातामायला हात जोडले. मग गावाकडे वळली.

"माझं नाव हर्षा. यादोराव मालगुजारांची पणती. अक्षय्य तृतीयेला तुमच्या दारात ठेवलं ते आम्ही ठेवलं. तलावानं नाही. ते तुमच्याच वावरांचं होतं."

पाण्यावर बगळे होते, ते उडाले. मग केशोराव पुढं आला.

"मंग चोरावानी काऊन आली?"

"मोठेपणा नको म्हणून."

"तुमचा मोठेपणा वाचला," म्हातारा म्हणाला. "आमच्या बायांच्या गऱ्यातलं पान्यात गेलं."

हर्षानं मान खाली घातली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. एक जण मागून म्हणाला, शेठले म्हना मोटर लावून तराव उपसून द्या. दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले, कारण केशोरावनं हात पुढं केला होता.

"आनला का?"

हर्षा गुंड घेऊन आली आहे, हे फक्त वच्छलाला ठाऊक होतं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

हर्षानं पिशवी उघडली. पिशवी बाहेरून कोरडी ठणठणीत. गुंडातून ओढणी काढली तर ती चिंब होती, आणि सलवारीला हिरवं शेवाळ चिकटलेलं. तळाशी गाळ. बायांनी पदर तोंडाला लावले. हर्षानं गुंड दोन्ही हातांनी उचलला आणि पायऱ्या उतरली. गुडघाभर पाण्यात गेली. वच्छलाला वाटलं, आता हिला हाक मारावी, पण तोंडातून देवाच्या नावाशिवाय काही निघेना.

हर्षानं गुंड पाण्यावर ठेवला. तो कलंडला नाही. वारा गावाकडून होता की तलावाकडून, कळत नव्हतं. गुंड उभाच आत सरकत गेला, दूरवर, आणि मग कोणी गळ्याला धरून ओढावं तसा सरळ खाली गेला. बुडबुडासुद्धा आला नाही.

मग रेणू म्हणाली, "आजी, मले भूक लागली." केशोराव मोकळ्या जागेत शिरला, रुख्मिणीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "पानी दे बाई, घसा सुकला." रुख्मिणीनं जवळच्या तांब्यातून घाईनं गिलास भरून दिला, अर्धा त्याच्या सदऱ्यावर सांडला. उरलेलं तो प्यायला. त्याच्या मागून एक बाई, मग दुसरी.

हर्षाकडे अजून द्यायच्या उरलेल्या पैशाचं काय करायचं, ते गाव बसून ठरवेल असं ठरलं. हर्षानं मधे तोंड घालायचं नाही, हेही केशोरावनंच ठरवलं. ती हो म्हणाली.

त्या रात्री हर्षा वच्छलाकडे झोपली. पहाटे वच्छला सडा टाकायला उठली. कडीला हात लावणार तोच दाराबाहेरून आवाज आला.

"वच्छलामावशी. दार उघडा. तुमचं आणलंय."

हर्षाचा आवाज. तीच ढब, तोच शब्दाच्या शेवटी थोडा उतरणारा सूर. वच्छलानं मागं वळून पाहिलं. हर्षा चटईवर उठून बसली होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

बाहेरचा आवाज पुन्हा म्हणाला, "तुमचे मणी."

वच्छलाचा हात कडीवर होता. ते मणी तिच्या धन्यानं पहिल्या धानाच्या पैशातून घेतले होते, आणि तो जाऊन किती वर्षं झाली. तिनं विचारलं, "कोन आहेस? कोनाची आहेस?"

बाहेर शांतता. मग पाणी ठिबकल्यासारखं. मग तेही नाही.

उजाडल्यावर दार उघडलं. उंबरा ओला होता, बाकी काही नाही. रुख्मिणीच्या घरून निरोप आला की रेणूला ताप नाही, भात खाऊन झोपली आहे. वच्छलानं देवापुढं दिवा लावला आणि हर्षाला चहा दिला.

बसच्या फाट्यापर्यंत वच्छला सोडायला गेली. पुढच्या महिन्यात अश्विनला त्याच्या गावी पायी जायचं होतं, त्याबद्दल हर्षा बोलत राहिली. तिच्या पाठीवर आता पिशवी हलकी होती. तरी ती मधूनच खांदा सावरायची. फाट्यावर बस दिसली, तशी तिनं वच्छलाचा हात धरला. हात बर्फासारखा गार.

"मावशी, एक मागू?"

"माग पोरी."

"यापुढं मी कधी आले, दिवसा आले, हसत आले, तरी आधी नाव विचारा. कोणाची, कुठून आणलं, कायले आणलं, सगळं. आणि मी सांगायला कचरले, तर मावशी, माझ्या हातचं काही घेऊ नका. दार लावून घ्या."