राजूमामाचं कापून टाकलेलं हसू

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पांत मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस आहे. उतारा ओलांडून गेलोय, अमावस्येला गाडी घेतलीय, काही झालं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. पण पंधराएक वर्षं झाली, गोष्ट डोक्यातून जात नाही... तर लिहून टाकतो. कोणाला उत्तर सुचलं तर सांगा, थट्टा केली तरी चालेल.

घाटंजीची गोष्ट. कापसाचे वाईट दिवस होते, आमच्या भागातली कापसातून सरकी काढणारी जिनिंगं एकेक करून बंद पडत होती. राजूमामा अशाच एका जिनिंगमध्ये कामाला होता. ते बंद पडलं तसा तो सुरतेला गेला आणि सहा महिन्यांत तिकडेच तापाने गेला. मामाची बहीण, म्हणजे माझी बेबीमावशी, आमच्याकडेच राहायची. लहानपणी मोठा ताप येऊन तिचे दोन्ही कान गेले होते. बोलायची स्पष्ट, पण ओरडून. समोरच्याच्या ओठांवरून सगळं ओळखायची. मामा गेल्यावर तिचं बोलणं कमी झालं आणि हसणं तर बंदच.

मी तेव्हा बी.कॉम.ला होतो आणि मला एएमव्हीचं वेड लागलं होतं. जपानी कार्टून मालिकांचे तुकडे कापायचे आणि आपल्या आवडीच्या गाण्यावर ठोक्याला ठोका लावून बसवायचे, की झाला व्हिडिओ. यवतमाळच्या कॅफेतून सीडीवर एपिसोड भरून आणायचे आणि लाइट असेल तेवढ्या तासांत एडिटिंग उरकायचं. लोडशेडिंगमुळे अर्धं काम दर वेळी वाया जायचं. आई म्हणायची, ‘‘हे डोळेफाडे पोरं तुले नोकरी लावून देतीन का रे?’’

एकदा पेटीत एक कॅसेट सापडली. त्यात राजूमामा गात होता. दुपारच्या रेडिओवर लागायचं तसलं एक जुनं गाणं, बिनवाद्यांचं, मागे वारा आणि बायकांचा आवाज. सीतादहीच्या दिवशी शेतात कोणीतरी टेप नेऊन भरलेलं. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याला कपाशीच्या झाडाची पूजा करतात आणि शेतभर दहीभात शिंपडतात, ते सीतादही. मी त्या वेळी शाळेच्या सहामाहीला बसलो होतो, त्यामुळे तिथे नव्हतो.

आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला — प्रेमाने, भीतीने नाही. ठरवलं, मामाच्या गाण्यावर व्हिडिओ करायचा. टेपला वायर जोडून गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मामा मध्येच खळाळून हसतो, मग पुन्हा ओळ धरतो. त्या हसण्याने माझा ठोका चुकत होता. दोन सेकंदांचं हसू मी कापलं, दोन्ही टोकं घट्ट जोडली आणि हार्डडिस्कमध्ये जागा नाही म्हणून जुन्या फाइलवरच सेव्ह केलं. कॅसेट होतीच की! दुसऱ्या दिवशी आईला ऐकवायला ती लावली, तर टेपने रीळ खाल्ली. पेन्सिलीने गुंडाळून पाहिली, चिकटवून पाहिली. चुरगळलेली रीळ शेवटी घरघरत होती, बस.

आठ दिवसांनी दुपारी व्हिडिओ तयार झाला. माळावरून पाठमोरे चालत जाणारे भाऊ-बहीण, स्टेशन, निरोप... मला फार आवडला होता. आई रडली. मावशी स्पीकरवर तळहात ठेवून पाहत होती. दुसऱ्या कडव्याला तिने तळहात उचलला.

‘‘मंग्या, इथं राजू हासला होता. थे काहून काढलं?’’

माझ्या हातातला माऊस तसाच राहिला.

‘‘मी शिंपून राह्यली होती न दहीभात, तर त्याच्या मिशीवरच पडला. मंग हासला तो. मीबी हासली. थे लाव परत.’’

मी ओठ स्पष्ट हलवून सांगितलं, ‘‘मावशी, ते नाही राहिलं आता.’’

‘‘नाही राह्यलं म्हंजे? फेकलं का तुनं?’’

मी मान हलवली. ती उठून आत गेली. त्या दिवशी जेवलीही नाही. मला आयुष्यात इतकं ओशाळल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. आपल्या हाताने त्या बाईच्या भावाचं शेवटचं हसू मी पुसलं होतं, आणि तेही कशासाठी, तर ठोका जुळावा म्हणून!

आता इथपर्यंत भुताखेताचं काही नाही, हे मलाही कळतं. मावशी त्या दिवशी शेतात होती. गाणं तिला कान जायच्या आधीपासून पाठ होतं. तळहाताला स्पीकरची थरथर लागत असणार, तिथून ओळ ओळखली. मी तीन दिवस स्वतःला हेच समजावत होतो.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा-साडेअकराला मी आत हेडफोन लावून व्हिडिओ तपासत होतो. मावशी ओसरीत माझ्याकडे पाठ करून सुपात तूर पाखडत बसली होती. स्पीकरची वायर काढलेली. दुसरं कडवं आलं आणि सूप थांबलं. तिचे खांदे हलले. मावशी हसत होती.

योगायोग म्हणून पुन्हा लावलं, ओळ आली की पुन्हा हसली. मग मी गाणं मध्येच बंद केलं, दहा मिनिटं गप्प बसलो, अधूनमधून नुसताच माऊस वाजवला. काही नाही, सूप चालूच. मग गुपचूप मधूनच सुरू केलं. बरोबर त्या जागी तिने पदर तोंडाला लावला. आईला बोलावून दाखवलं, तर आई म्हणाली, ‘‘बंद कर थे. आताच्या आता बंद कर.’’

मी ओसरीत जाऊन मावशीसमोर बसलो. विचारलं, ‘‘तुला ऐकू येतं का?’’

‘‘मले कायचं ऐकू येते, बावा?’’ ती म्हणाली. राग गेलेला दिसला. ‘‘तू जागा सोडली न त्याच्यासाठी. तिथं हासते तो.’’

मी जागा सोडली नव्हती. आत जाऊन आवाजाच्या लहरीचा आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, जेवढा मोठा करता येईल तेवढा करून पाहिला. टोकाला टोक चिकटलेलं, केसाएवढीही फट नव्हती.

तो व्हिडिओ मी कुठेच टाकला नाही. आता यवतमाळात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि कोणाचं हसू कापत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, हे काढा, फालतू दिसतं, तर मी वाद घालतो.

मावशीला जाऊन चार वर्षं झाली. ती होती तोवर दर सीतादहीला मला ते गाणं लावायला लावायची. पहिल्याच वर्षी मी मात्र एक केलं. तो जोड उघडला आणि तिथे दोन सेकंद कोरी शांतता भरली — खरोखरची जागा सोडली. तीच फाइल माझ्याकडे अजून आहे. का, कसं, मला काहीच माहीत नाही. कधीतरी एकटा असलो की लावतो. त्या दोन सेकंदांत मला काहीही ऐकू येत नाही. तरी दर वेळी मी तिथे आवाज वाढवतो.