दिवेलागणीचे मिस्ड कॉल

हे किस्से मी काही गोळा केले नाहीत, तेच माझ्याकडे राहायला आले. कपाशीच्या त्या वाईट वर्षांत मी यवतमाळला एचआयव्हीच्या औषध केंद्रात समुपदेशक होते. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते, आणि माणसं विसरतात. म्हणून संध्याकाळी मी मेसेज पाठवायची. घरात मोबाईल एकच आणि तो सगळ्यांच्या हातात, तेव्हा औषधाचं नाव काढायचं नाही. ज्याने त्याने आपलं वाक्य ठरवून द्यायचं. गोळी घेतली की मला मिस्ड कॉल.

दिवेलागणीला मी पायरीवर बसायची. मांडीवर मोबाईल वाजत राहायचा आणि दूरदूरची गावं एकेक करून जेवायला बसताहेत असं वाटायचं. नावं अर्थात बदलून सांगते.

*

दिग्रसच्या एका टेलरने वाक्य दिलं, 'ब्लाऊज झालं का?' तो खूश, मी खूश. एक दिवस त्याच्या बायकोचा फोन.

'ओ बाई, रोज काय इचारून राह्यल्या? आधी माप तं द्या!'

मी फोनवर माप सांगितलं. ब्लाऊज आलं. बाहीत जरा तंग आहे, पण अजून घालते.

*

एका ट्रक ड्रायव्हरचं वाक्य होतं, 'आई आठवण काढते.' आई तर तो लहान असतानाच गेलेली. मी म्हटलं, 'असं कसं रे?'

'मॅडम, खोटंच लिहाचं हाय, तं चांगलं लिहा ना.'

*

पुसदकडच्या किसनकाकांच्या गावात रेंज नव्हती. म्हातारा रोज टेकडी चढायचा, गोळी तळहातावर घेऊन बसायचा आणि मेसेज आला की तोंडात टाकायचा. एकदा टॉवर बंद पडला. सकाळी काकांचा फोन, 'मॅडम, तुमचा हुकूम आला नाई. गोयी तशीच हाय.'

मी चांगलीच रागावले. मेसेज आठवणीसाठी असतो काका, परवानगीसाठी नाही, म्हटलं.

'समजलं. पण टेकडीवर जाऊ ना? बरं वाटते तेथी.'

जा म्हटलं. ती टेकडी मी कधी पाहिली नाही, तरी अजून स्वप्नात येते. खाली फुटलेली कपाशी, सगळं पांढरं, आणि वर काका एकटे बसलेले.

*

शकुन घाटंजीकडची. नवरा याच आजाराने गेलेला, घरात ती आणि सासू. सासूला कळलं तर ती घराबाहेर काढेल, ही तिची धास्ती. तिने वाक्य दिलं, 'जेवली का?' म्हणाली, 'असं कोणी इचारत नाई, ताई.'

तिचा मिस्ड कॉल रोज यायचा. वेचणीच्या दिवसांतही चुकला नाही. मी निश्चिंत.

मग शकुन केंद्रात आली ती भिंत धरत. अंगावर मांस नाही, आणि गोळ्यांचा डबा जवळजवळ भरलेला. कापूस वेचायला ती दुसऱ्या गावी जाऊन राहिली होती. तिथे एवढ्या बायांसमोर डबा उघडायची सोय नव्हती, आणि मोबाईल घरी सासूजवळ. डॉक्टर म्हणाले, आता खंड पडला तर ही हाती लागणार नाही.

मग मिस्ड कॉल कोण देत होतं? मी सासूला फोन लावला.

'कोणी तरी रोज जेवली का इचारे,' आजी म्हणाली. 'मी जेवली राहो. म्हून शकुनवानी वाजवो.'

मला राग आला आणि रडूही आलं. शकुनला विचारून मी म्हटलं, 'आजी, हिचं रक्त कमी झालंय. ती जेवली, तिने गोळी घेतली, की मगच वाजवत जा.'

त्या संध्याकाळी फोन वाजला आणि वाजतच राहिला. उचलला.

'जेवली ती. गोयीबी घेतली, माह्यासमोर.'

बरं म्हणून मी ठेवणार, तोच आजी म्हणाली, 'बाई, रक्ताचं मले नका सांगू. माह्या पोराजवळबी असाच डबा होता. तवा मी इचारलंच नाई.'